जुना संगणक सिनेमा दाखवताना का अडखळतो?

घरातला किंवा शाळेतला दहा-पंधरा वर्षांचा संगणक घ्या. त्यावर पत्रे टंकलिखित होतात, गुणपत्रके निघतात, पण सिनेमा किंवा माहितीपट लावला की चित्र अडखळते, आवाज पुढे निघून जातो आणि पडद्यावरची माणसे धक्के खात चालू लागतात. अशा वेळी मिळणारे सल्ले बहुधा ठरलेले असतात. एक जण म्हणतो, रॅम वाढवा. दुसरा म्हणतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. तिसरा म्हणतो, भंगारात द्या आणि नवा घ्या. पहिल्या दोन सल्ल्यांवर पैसे खर्च करूनही सिनेमा पूर्वीसारखाच अडखळत राहतो आणि मग तिसरा सल्ला खरा वाटू लागतो.

वास्तविक हा प्रश्न मोजून सोडवता येण्यासारखा आहे. सिनेमा दाखवताना संगणकाला कोणकोणती कामे करावी लागतात आणि त्यांतले नेमके कोणते त्याला झेपत नाही, एवढे कळले की पैसे कुठे घालायचे (आणि कुठे घालायचे नाहीत) हे आपोआप स्पष्ट होते. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

माहिती किती?

आजच्या साध्या 'फुल एचडी' चित्रात आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग सांगण्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात. प्रत्येक आकड्याला एक बाइट धरला तर एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटचे झाले. सिनेमात अशी चित्रे, म्हणजे चौकटी, सेकंदाला २४ असतात. म्हणून दर सेकंदाला सुमारे १४९ मेगाबाइट आणि दोन तासांच्या सिनेमाला सुमारे १,०७५ गिगाबाइट माहिती लागेल. एका साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात, तेव्हा एका सिनेमासाठी २२९ डीव्हीडी लागतील!

प्रत्यक्षात असा सिनेमा ४ गिगाबाइटच्या फाइलमध्ये बसलेला आपण पाहतो. म्हणजे माहिती सुमारे २७० पट दाबून भरलेली आहे.

आता हार्ड डिस्कवरच्या संशयाचा निकाल लगेच लावता येतो. ४ गिगाबाइट दोन तासांत, म्हणजे ७,२०० सेकंदांत वाचायचे आहेत. भागाकार केला तर सेकंदाला अर्ध्या मेगाबाइटहून थोडे जास्त एवढेच उत्तर येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला ८०-१०० मेगाबाइट सहज देते. ती गरजेच्या दीडशेपट वेगवान आहे. तिच्या जागी आणखी पाचपट वेगवान एसएसडी बसवून सिनेमा सुरळीत कसा होणार? एसएसडीने संगणक लवकर सुरू होतो हे खरे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत संगणक सुरू होण्यातच चार मिनिटे जात असतील तर तो फायदा लहान नाही. पण तो वेगळा आजार आणि वेगळे औषध.

रॅमचेही तसेच. उलगडलेली एक चौकट तात्पुरती साठवायला सुमारे ३ मेगाबाइट लागतात. मागच्या सोळा चौकटी हाताशी ठेवायच्या म्हटले तरी ५० मेगाबाइट झाले. संगणकात २ गिगाबाइट रॅम असेल आणि सोबत दहा कामे उघडून ठेवली नसतील, तर सिनेमापुरती ती पुरते.

राहिले काम एकच. दाबलेली माहिती उलगडण्याचे.

दाबतात कसे?

दाबण्याची पहिली युक्ती डोळ्याच्या रचनेवर आधारलेली आहे. उजेड-अंधारातले बारीक फरक आपल्या डोळ्याला चटकन कळतात, पण रंगातले तितके बारीक फरक कळत नाहीत. म्हणून प्रत्येक पिक्सेलची प्रखरता ठेवायची, पण रंगाची माहिती मात्र चार पिक्सेलमध्ये मिळून एकदाच ठेवायची. तीन बाइटच्या जागी सरासरी दीड बाइट लागतात. निम्मे काम इथेच झाले आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी युक्ती गणिताची आहे. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न लिहिता, ते कमी-अधिक दाट लहरींची बेरीज आहेत असे मानून प्रत्येक लहरीचा वाटा लिहितात. आकाश, भिंत, चेहरा अशा भागांत दाट लहरींचा वाटा जवळजवळ शून्य येतो. तो सोडून दिला तरी चित्र फारसे बिघडत नाही. या पद्धतीला 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' म्हणतात. ती मांडणारे नासीर अहमद हे बंगळूरमध्ये जन्मलेले अभियंते. अमेरिकेत कॅन्सस येथे शिकवत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही त्यांनी काम पुढे नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह निबंध प्रसिद्ध केला. आज मोबाइलने काढलेल्या जेपेग छायाचित्रापासून सिनेमापर्यंत सर्वत्र ही पद्धत किंवा तिची सुधारलेली रूपे वापरली जातात.

तिसरी युक्ती सर्वांत प्रभावी आहे आणि ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांकडे आठ गुणिले आठ घरांचा आलेखाचा कागद द्या. पहिल्याच्या कागदावर चार घरांचा एक 'चेंडू' काळा करून द्या. त्याने ते चित्र केवळ बोलून दुसऱ्याला काढायला लावायचे. प्रत्येक घर काळे की पांढरे हे सांगायला चौसष्ट शब्द लागतील. आता पहिल्याला दुसरे चित्र द्या, ज्यात तोच चेंडू दोन घरे उजवीकडे सरकलेला आहे. हुशार विद्यार्थी पुन्हा चौसष्ट शब्द उच्चारणार नाही. "चेंडू दोन घरे उजवीकडे, बाकी तसेच," एवढेच तो सांगेल. सिनेमाच्या फाइलमध्ये नेमके हेच लिहिलेले असते. अधूनमधून एक संपूर्ण चौकट आणि तिच्या पाठोपाठ केवळ बदलांच्या सूचना.

या खेळातून आणखी दोन गोष्टी मुलांच्या लक्षात येतील. ऐकणाऱ्याने आधीचे चित्र जपून ठेवले नसेल तर "बाकी तसेच" या शब्दांना अर्थ राहत नाही. वर सांगितलेल्या ५० मेगाबाइटची गरज इथून येते. आणि एखादी सूचना चुकीची ऐकली गेली, तर पुढची सगळी चित्रे चुकत जातात, ती पुन्हा संपूर्ण चित्र सांगेपर्यंत. ओरखडे पडलेली डीव्हीडी लावल्यावर चित्रात चौकोनी डाग पडतात, हलत राहतात आणि काही क्षणांनी एकाएकी नाहीसे होतात, ते याच कारणाने.

लहान फाइल जड का?

एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी मला एक कोडे घातले होते. त्यांच्याकडे २००९ सालच्या सुमाराचा कोअर टू ड्युओ संगणक होता. त्यावर ४ गिगाबाइटचा एक माहितीपट व्यवस्थित चाले, पण तेवढ्याच लांबीची दुसरी फाइल केवळ दीड गिगाबाइटची असूनही अडखळे. मोठे ओझे झेपते आणि लहान झेपत नाही, असे कसे?

उत्तर दाबण्याच्या पद्धतीत आहे. या पद्धतींच्या पिढ्या आहेत. व्हिडिओ सीडीसाठी एमपेग-१, डीव्हीडीसाठी एमपेग-२, मग २००३ साली एच.२६४ आणि २०१३ साली एच.२६५. या शेवटच्या पद्धतीला एचईव्हीसी असेही म्हणतात. यूट्यूबवर दिसणारी व्हीपी९ ही पद्धत २०१३ ची आणि एव्ही१ ही २०१८ ची. प्रत्येक नव्या पिढीने तेवढ्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या जागेत बसवायचे उद्दिष्ट ठेवले आणि ते बरेचसे साधले. पण जागेची ही बचत फुकट होत नाही. तिची किंमत आकडेमोडीत मोजावी लागते.

एक उदाहरण पाहा. एखादा चौकोन शेजारच्या चौकोनांवरून ताडायचा असतो. शेजारच्या रेषा तशाच पुढे वाढवल्या तर तो कसा दिसेल, हे ठरवण्याचे एच.२६४ मध्ये लहान चौकोनासाठी ९ प्रकार आहेत, एच.२६५ मध्ये ३५. चौकोनांचे आकारही एकसारखे नाहीत, एच.२६५ मध्ये ते ६४ गुणिले ६४ पर्यंत मोठे असू शकतात आणि गरजेप्रमाणे तुकडे होत लहान होतात. वस्तू सव्वादोन घरे सरकली असेल तर मधल्या जागेवरची किंमत आजूबाजूच्या अनेक पिक्सेलवरून काढावी लागते. सूचना जितकी मोघम आणि छोटी, तितके ऐकणाऱ्याचे डोके जास्त चालवावे लागते. लहान फाइल जड असण्याचे कारण हे आहे.

आणि हे सर्व ठरलेल्या वेळेत झाले पाहिजे. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे एका चौकटीला ४२ मिलिसेकंदही मिळत नाहीत. गुणपत्रक दोन सेकंद उशिरा निघाले तर कोणाचे बिघडत नाही, पण चौकट ४२ ऐवजी ६० मिलिसेकंदांनी तयार झाली तर तिची वेळ निघून गेलेली असते. मग चित्रपट दाखवणारा प्रोग्रॅम ती चौकट टाकून देतो. आपल्याला दिसतो तो धक्का.

या मुदतीत किती काम होऊ शकते, तेही काढता येते. वरच्या पिढीतला कोअर टू ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर २.९३ गिगाहर्ट्झचा आहे, म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळाचे सेकंदाला २९३ कोटी ठोके पडतात. काम करणारे दोन कोअर मिळून ५८६ कोटी. त्याला २४ ने भागले की एका चौकटीच्या वाट्याला सुमारे २४ कोटी ठोके येतात आणि त्याला २०,७३,६०० ने भागले की एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ११८. डीव्हीडीच्या ७२० गुणिले ५७६ पिक्सेलच्या चित्रासाठी हाच आकडा ५८९ येतो. आणि ३८४० गुणिले २१६० पिक्सेलच्या '४के' चित्रासाठी केवळ २९. एका ठोक्यात अनेक बेरजाही होऊ शकतात, म्हणून हे काटेकोर माप नव्हे. तुलनेसाठी मात्र ते पुरेसे आहे. डीव्हीडी हा प्रोसेसर हसतखेळत दाखवतो, फुल एचडीची एच.२६४ फाइल निभावून नेतो, एच.२६५ ला धापा टाकतो आणि ४के च्या वाटेला न गेलेले बरे. शिवाय दाबलेल्या माहितीतील आकडे सोडवण्याचा एक भाग असा असतो की मागचा आकडा सुटल्याशिवाय पुढचा सुटत नाही. तिथे दोन कोअर असून उपयोग मर्यादितच.

मग आजचा साधा मोबाइल हेच काम खिशात राहून, गरम न होता कसे करतो? त्याच्यातला मुख्य प्रोसेसर ते करतच नाही. उलगडण्याच्या कामासाठी चिपवर वेगळा, कायमचा आखलेला विद्युतमंडलाचा भाग असतो. सामान्य प्रोसेसर म्हणजे कोणतीही पाककृती वाचून करणारा आचारी, तर हा भाग म्हणजे शेवयांचा सोऱ्या. त्याला दुसरे काही येत नाही, पण शेवया पाडण्यात आचारी त्याचा हात धरू शकत नाही. ही कल्पनाही नवी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्याला १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम व्हिडिओ सीडीलाच दमत असे, आणि हौशी मंडळी त्यासाठी संगणकात वेगळे 'एमपेग कार्ड' बसवून घेत.

या सोऱ्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. जी पद्धत चिप बनवताना ठाऊक होती तीच तिला उलगडता येते. ती नंतर शिकवता येत नाही.

आधी मोजा

म्हणून काही विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फाइल कोणत्या पद्धतीने दाबलेली आहे. व्हीएलसी हा विनामूल्य प्रोग्रॅम असेल तर सिनेमा चालू असताना 'टूल्स' या यादीतील 'कोडेक इन्फर्मेशन' उघडावे. तिथे पद्धतीचे नाव, पिक्सेलची संख्या आणि सेकंदाच्या चौकटी दिसतात. त्याच खिडकीच्या आकडेवारीच्या पानावर किती चौकटी दाखवल्या आणि किती गमावल्या, हेही लिहिलेले असते. दुसरी, त्या वेळी प्रोसेसर किती गुंतलेला आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांजवळ चिकटून बसला असेल आणि गमावलेल्या चौकटी वाढत असतील, तर निदान नक्की झाले. त्या शाळेतली दीड गिगाबाइटची फाइल एच.२६५ निघाली आणि लक्षण अगदी हेच होते.

प्रोसेसर मोकळा असताना चौकटी गमावल्या जात असतील तर संशय इतरत्र न्यावा. आणि सुरुवातीची दहा मिनिटे ठीक चालून मग अडखळायला लागत असेल, तर ज्या डब्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो तो उघडून पंखा पाहावा. उष्णता बाहेर पडेनाशी झाली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. दहा वर्षांची धूळ आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट हे कारण अनेकदा सापडते. ब्रशने साफसफाई आणि पेस्टची एक ट्यूब, एवढ्यावर भागते. साफ करताना विजेची वायर काढलेली असावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

बिनखर्चाचा उपाय असा की फाइलच बदलायची. हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रॅमने एच.२६५ ची फाइल एच.२६४ मध्ये रूपांतरित करता येते. ज्या संगणकाला ती दाखवणे जमत नाही त्याला ती रूपांतरित करणे कसे जमेल, असा प्रश्न पडेल. पण रूपांतराला मुदत नाही. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चौकटी असतात. संगणक सेकंदाला केवळ ८ चौकटी उरकत असला तरी सहा तासांत काम होते. रात्री लावून ठेवावे, सकाळी फाइल तयार. रूपांतर करताना ८ बिटचे एच.२६४ निवडावे आणि दर्जाचा आकडा २० ते २२ च्या दरम्यान ठेवावा. तो जितका लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. दर रूपांतरात थोडे तपशील हरवतातच, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि रूपांतराचे पुन्हा रूपांतर करू नये. शाळेत वर्षानुवर्षे दाखवले जाणारे वीस-पंचवीस माहितीपट असतील तर माझ्या मते हाच उपाय सर्वांत शहाणपणाचा आहे.

फाइली सतत नव्या येत असतील तर सोऱ्या विकत घ्यावा, म्हणजे उलगडणी करणारे ग्राफिक कार्ड. इथे खरेदी करणाऱ्याची फसगत होते ती अशी. जीटी ७१० नावाचे कार्ड स्वस्त मिळते, खोके नवेकोरे असते, पण त्यातली चिप एच.२६५ च्या आधीच्या घडणीची आहे. ती एच.२६४ उलगडते, एच.२६५ नाही. म्हणजे आपला प्रोसेसर जे करत होता तेच करण्यासाठी पैसे गेले. २०१७ साली आलेले जीटी १०३० हे कार्ड एच.२६५ ची १० बिटची आवृत्ती आणि व्हीपी९ दोन्ही उलगडते, एव्ही१ मात्र नाही. ते सुमारे ३० वॅट घेते, त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, त्यामुळे जुना एसएमपीएस चालतो. जुन्या मदरबोर्डचा खाचा मंद गतीचा आहे, याची चिंता नको. खाच्यातून कार्डाकडे जाते ती दाबलेली, सेकंदाला अर्ध्या मेगाबाइटची माहिती. उलगडलेला पसारा कार्डावरच राहतो आणि तिथूनच पडद्याकडे जातो. मात्र काही जुने मदरबोर्ड नवे कार्ड ओळखत नाहीत आणि बारक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाताना डबा सोबत न्यावा आणि दुकानातच लावून पाहावे.

तिसरा पर्याय जुन्याच्या जागी थोडा कमी जुना घेण्याचा. कार्यालयांनी बदललेले, इंटेलच्या सातव्या पिढीचे, म्हणजे २०१७ च्या सुमाराचे डबे वापरलेल्या संगणकांच्या बाजारात मिळतात. त्यांच्या प्रोसेसरमध्येच एच.२६५ ची १० बिटची आवृत्ती आणि व्हीपी९ उलगडण्याची सोय आहे. त्याआधीच्या सहाव्या पिढीत एच.२६५ ची केवळ ८ बिटची सोय पक्की, म्हणून एका पिढीचा फरक इथे महत्त्वाचा ठरतो. कार्ड आणि असा डबा या दोन्हींचे भाव विचारून मगच ठरवावे. संगणक इंटरनेटला जोडायचा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि कोअर टू ड्युओच काय, सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसरही विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. तिथे लिनक्स बरे. केवळ पेन ड्राइव्हवरून सिनेमे पाहायचे असतील तर जुनी व्यवस्था चालू ठेवायला हरकत नाही.

धक्का संगणकाचा नसेल तर

कधी कधी एकही चौकट गमावलेली नसते, तरी कॅमेरा संथपणे आडवा फिरताना चित्र हलकेच ठेचकाळते. इथे दोष भागाकाराचा आहे. बहुतेक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतात आणि सिनेमाच्या चौकटी २४. ६० ला २४ ने भागले की २.५ येतात. अर्धी वेळ दाखवता येत नाही, म्हणून एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते. आपल्याकडच्या टीव्हीसाठी केलेल्या जुन्या चित्रीकरणात चौकटी २५ असतात. तिथेही भाग जात नाही. टीव्ही जोडलेला असेल तर संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये सिनेमासाठी २४ आणि २५ च्या चित्रीकरणासाठी ५० हर्ट्झ निवडून पाहावे. कोणतेही कार्ड घेतले तरी हा धक्का त्याने जाणार नाही.

डोळ्याला किती लागते?

शेवटचा हिशेब पडद्याचा. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक मिनिट कोनापेक्षा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. तीन मीटर अंतरावर हे माप ०.८७ मिलिमीटर भरते. ३२ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर असते. तिच्यात १९२० पिक्सेल बसवले तर एक पिक्सेल ०.३७ मिलिमीटरचा होतो. १२८० बसवले तर ०.५५ मिलिमीटरचा. तीन मीटरवर खुर्ची टाकून बसलेल्याला यांतला कोणताच वेगळा दिसणार नाही. पण १२८० गुणिले ७२० च्या चित्रात पिक्सेल ९,२१,६०० च असतात, फुल एचडीच्या नवव्या हिश्शांपैकी चार. संगणकाचे काम निम्म्याहूनही कमी होते. आपल्या कोअर टू ड्युओच्या हिशेबात एका पिक्सेलला ११८ ऐवजी २६५ ठोके मिळतात. म्हणून ७२० ची फाइल मिळत असेल तर तीच घ्यावी. इंटरनेटवरील चित्रपट पाहतानाही दर्जाच्या यादीतून ७२० निवडून पाहावे.

वर्गातल्या मोठ्या पडद्याचे गणित वेगळे येते. दोन मीटर रुंद पडद्यावर फुल एचडीचा पिक्सेल एक मिलिमीटरहून किंचित मोठा असतो, त्यामुळे पुढच्या बाकावरच्या मुलाला फरक दिसू शकेल. सहा मीटरवरच्या शेवटच्या बाकावर नाही. मात्र आधी प्रोजेक्टरची माहितीपुस्तिका पाहावी. शाळांमधून असलेल्या जुन्या प्रोजेक्टरांपैकी कितीतरी १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचेच आहेत. रुंद आकाराचा सिनेमा त्यांवर १०२४ गुणिले ५७६ पिक्सेलमध्ये, म्हणजे ५,८९,८२४ ठिपक्यांत दिसतो. फुल एचडीची फाइल लावली तर वीस लाखांहून अधिक पिक्सेल जिवाच्या आकांताने उलगडून संगणक त्यांतले सुमारे ७२ टक्के आकडे प्रोजेक्टरकडे जाण्यापूर्वी टाकून देतो. अशा वर्गासाठी हँडब्रेकमध्ये रुंदी १०२४ ठेवून केलेली एच.२६४ ची फाइल पुरते आणि ती २००९ सालचा संगणक आणखी काही वर्षे आरामात दाखवील.